कामतघरात गडगडाट ऐकू येत नाही

२ मे, शुक्रवार

शाळेला सुट्टी लागली आणि पहिल्याच सकाळी कलावतीचा फोन. कलावती आमच्या शाळेत मराठी शिकवते, मी भूगोल. दर सुट्टीत ती गणेशपुरीजवळ माहेरी जाते आणि तिथून मला आंबे पाठवण्याचं आश्वासन पाठवते. आज आश्वासनसुद्धा नव्हतं.

"सालेहा, काल दुपारी वीज पडली गं. भाऊ आंब्याखाली उभा होता."

माझ्या हातातलं पातेलं तसंच हातात राहिलं.

भाऊ वाचला. उडून बांधावर पडला, डाव्या कानात शिट्टी वाजतेय म्हणतो, पण चहा मागतोय, म्हणजे ठीक आहे. बुंध्याला टेकून उभ्या असलेल्या दोन शेळ्या मात्र गेल्या. "पाऊस पण नव्हता. चार थेंब. आई म्हणत होती, अंगनात पहार टाकलीय, आता काय न्हाय होत. पहार हाय तिथंच हाय, आणि वीज गेली आंब्यावर."

मी म्हटलं, "वीज चमकत असताना झाडाखाली उभं राहू नये, हे पुस्तकात दिलेलं आहे."

यावर ती जे बोलली ते लिहून ठेवते, कारण दिवसभर तेच डोक्यात आहे. "पुस्तकात आहे ते मला नको सांगू. इतकी वर्षं तू वादळ शिकवतेस. फळ्यावर ढग काढतेस, ढगाला बाण काढतेस. मान वर करून एक तरी ढग बघितलायस का?"

नाही बघितला. कामतघरात मान वर केली की वायरी दिसतात.

तर ठरलं. या सुट्टीत रोज गच्चीवर जायचं, ढग बघायचे आणि इथे लिहायचं. पन्नाशीनंतर बायका योगा करतात, मी हे करीन. आणखी एक. माझ्या नवऱ्याला मी तोंडावर "अहो" म्हणते आणि लोकांसमोर लेकीच्या नावाने "उज्माचे अब्बा". इथे खलील म्हणणार, तेही एकेरीत. दैनंदिनी लिहिण्यात एवढा तरी फायदा असावा.

३ मे, शनिवार

गच्चीवरून दिसतं ते असं: समोर चाळी, डावीकडे दुसऱ्यांच्या गच्च्या, पूर्वेला धुरकट हवेपलीकडे पडघ्याच्या बाजूचे डोंगर, आणि खाली आमच्या घराला लागूनच खलीलचा कारखाना. घर पक्कं, स्लॅबचं. कारखाना पत्र्याचा. आतमध्ये कापड विणणारे लूम आहेत आणि लूम चालवणारी माणसं आहेत. पण वरून बघितलं तर एक मोठा गंजका पत्रा तेवढा दिसतो आणि त्यावर दगड, दोन फुटके टायर आणि लूमचं एक जुनं चाक. छप्पर उडू नये म्हणून ठेवलेली ही आमची शास्त्रीय व्यवस्था.

पुस्तक म्हणतं, वीज दिसली की गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा, म्हणजे वादळ किती लांब आहे ते कळेल. पुस्तक लिहिणारा कामतघरात राहत नसावा. इथे गल्लीच्या दोन्ही बाजूंना लूम. खटाखट, खटाखट, दिवसभर. आकाश फाटलं तरी आवाज खालीच बुडतो. कारखान्यात तर माणसं ओठांवरून आणि हातांवरून बोलतात. तुटलेल्या धाग्याला दोन बोटं, पाण्याला अंगठा, मालक आला तर भुवई. खलील तिथे तीस वर्षं काढून बसलाय. त्याचे कान त्या लूमांनी कधीच खाल्ले. घरी मी ओरडून बोलते तेव्हा "हं?" म्हणतो, आणि हळू बोलते तेव्हा तेही म्हणत नाही.

आज गच्चीवरून उतरल्यावर मी म्हटलं, "अहो, छपराचे हूक गंजलेत."

"हं?"

"छप्पर!"

"ईद झाल्यावर," तो म्हणाला. "ईदच्या आधी माल द्यायचाय. लूम बंद करून छप्पर कोण उघडेल?"

भांडी घासताना मी मोरीशी पुटपुटले, "दगड ठेवून छप्पर टिकत असतं तर लोकांनी खिळे कशाला काढले असते. वारा आला की तेच दगड गोळ्यांसारखे सुटतील." तो समोर चहा पीत बसला होता. त्याला काय ऐकू येणार.

५ मे, सोमवार

ढग दिसला! लिहिताना उद्गारचिन्ह दिलंय, मुलांच्या वहीत मी ते खोडते.

दुपारी आधी आकाश कोरं होतं. ऊन असं की गच्चीची फरशी चपलेतून भाजत होती. खाडीवरून दमट वारा येत होता, अंगाला चिकटणारा. मग पूर्वेला डोंगरावर एक पांढरा बोळा उगवला. बघता बघता त्याच्यातून दुसरा बोळा वर आला, त्याच्यातून तिसरा. एखाद्याने आतून मुठी मारत वर यावं तसं.

फळ्यावर मी हेच वीस मिनिटांत उरकते. तापलेली जमीन हवेला तापवते, दमट हवा वर जाते, वर गार होते, वाफेचं पाणी होतं. पाणी होताना ती वाफ आपल्यातली उष्णता सोडून देते, त्यामुळे हवा आणखी उबदार, आणखी वर. म्हणजे ढग स्वतःच्याच वाफेवर शिजतो. हे मला पाठ होतं. बघितलं आज. भयंकर सुंदर असतं. आणि पाठांतरात न येणारी गोष्ट म्हणजे त्याची घाई. नजर काढून मी वाळत घातलेली ओढणी ओढली आणि परत बघितलं तर ढग दुप्पट.

कलावतीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "माथा कसा होता? फुलकोबीसारखा की सपाट?"

"फुलकोबी."

"मग अजून वाढीला लागलाय. भाऊ म्हणतो, त्या दिवशीचा ढग वरून ऐरणीसारखा सपाट झाला होता."

बरोबर आहे तिचं. ढग उंच जात जात अशा ठिकाणी पोचतो की पुढे वर जाता येत नाही, मग तो छताला लागलेल्या धुरासारखा आडवा पसरतो. तोवर आत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटून विजेची साठवण झालेली असते. सपाट माथा म्हणजे दुकान उघडलं.

स्वयंपाक करताना मी हे सगळं कढईला समजावून सांगितलं. एकदम कोसळणाऱ्या गार हवेचं पण. "पाऊस यायच्या आधी गार वारा येतो बघ, तोच खरा चोर. लोक म्हणतात हुश्श, गार वाटलं, आणि तेवढ्यात पत्रे जातात." कढई समजूतदार आहे. खलील ताटातला भात खात होता, नजर माझ्याकडे. मला वाटलं भाजी हवी असेल म्हणून वाढली. नको म्हणाला.

७ मे, बुधवार

छपरावरचे दगड चोरीला गेले!

सकाळी गच्चीवर गेले तर दगड नाहीत, टायर नाहीत, चाक नाही. कामतघरात काहीही चोरीला जातं हे माहीत होतं, पण दगड? खलीलला सांगितलं तर म्हणाला, "भंगारवाला असेल." आणि पेपर वाचायला लागला. पेपर कालचा होता.

म्हणजे आता छप्पर नुसत्या गंजक्या हुकांवर आणि अल्लाहच्या भरवशावर. पुटपुटले मी थोडं. त्याच्या निष्काळजीपणाबद्दल पुटपुटले आणि ओघात त्याच्या आईच्या लोणच्याबद्दलही.

रघूबद्दल लिहायचं राहिलं. आमच्या घराच्या तळमजल्यावर रघूची चहाची टपरी आहे, गाळा आमचाच. कारखान्यात हाक ऐकू येत नाही, म्हणून रघूने आपल्या टपरीत एक बटण बसवलंय आणि कारखान्यात भिंतीवर एक लाल दिवा. चहा तयार झाला की रघू बटण दाबतो. दिवा लुकलुकतो. अर्धी माणसं चहाला येतात, उरलेली अर्धी त्यांचेही लूम सांभाळतात. पहिली तुकडी परत गेली, ग्लास विसळून झाले, की दुसऱ्यांदा दिवा. मग दुसरी तुकडी. या नियमात आजवर बदल नाही. नमाजाची वेळ चुकेल, रघूचा दिवा चुकणार नाही. त्याला त्याचा इतका गर्व आहे की दिव्याच्या बटणाला त्याने हार घातलाय.

१० मे, शनिवार

आज जे झालं ते लिहायची इच्छा नाही. लिहिते.

दुपारी पूर्वेला ढग काळा झाला. खालचा भाग इतका काळा की पडघा दिसेना. मी धावत खाली, कारखान्यात. ओरडले. कोणाला ऐकू येणार? ओढणी हलवली. एका पोराने मला बघून सलाम केला आणि परत धाग्यात मान घातली. मग मी सरळ मेन स्विच खाली ओढला.

लूम थांबले. धागे तुटले. किती, ते इमाद सांगू शकेल. इमाद आमचा जॉबर, लूम बिघडला की तो दुरुस्त करतो, आणि माझ्याकडे त्याने असं बघितलं की लूमला तो तसं कधी बघत नाही.

"बाहेर या सगळे. वादळ येतंय."

सगळे आले. गल्लीत उभे राहिले. वर बघत बसले. ढग आला, त्याने आमच्याकडे बघितलं, आणि वाडा तालुक्याच्या दिशेने निघून गेला. चिमूटभर धूळ उडाली. एक घार शांतपणे घिरट्या घालत होती. तिलाही हसू येत असावं.

"भाभी," कोणीतरी म्हणालं, "मानसून कैंसल?"

सगळे हसले. मीही हसले, म्हणजे दात दाखवले.

खलील तेवढा हसला नाही. हेच तर वाईट. "झालं?" म्हणाला, मेन वर केला आणि आत गेला. संध्याकाळी बघते तो मेन स्विचच्या पेटीला कुलूप. चावी त्याच्या गळ्यात, तावीजाच्या दोऱ्यात.

जेवताना विचारतो, "त्या ढगाचा माथा सपाट होता काय गं?"

टोमणा! आणि तोही माझ्याच विषयातला. मी त्याला डाळ वाढली. खरं उत्तर असं की मी माथा बघितलाच नव्हता. नुसता काळेपणा बघून पळत सुटले. दुसरी-तिसरीतली पोरं करतात तशी चूक.

११ मे, रविवार

यापुढे त्या कारखान्यात पाऊल ठेवणार नाही. उडू दे छप्पर. उडू दे इमादची टोपी. मी वरून बघीन आणि नोंद करीन: "छप्पर उडाले. वाऱ्याची दिशा पूर्व."

१३ मे, मंगळवार

कलावती आली, खरोखरचे आंबे घेऊन. भावाच्या कानातली शिट्टी थांबली. तिच्या आईने आता पहार घरात घेतलीय आणि वीज चमकली की सगळ्यांना शाळेच्या इमारतीत पिटाळते, कारण ती पक्की आहे. "म्हातारी पोरांना सांगते," कलावती हसत म्हणाली, "शाळेत कधी गेलो न्हाय, आता रोज जातो."

मी तिला शनिवारची कथा सांगितली. तिने सहानुभूती दाखवायला हवी होती. ती पोट धरून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "एक विचारू? तुझा नवरा तुझ्या तोंडाकडं का बघतो गं सारखा?"

"माझ्या दातांत काहीतरी अडकलं असेल."

"तसं नव्हे. तू तिकडं वळून बडबडत होतीस, पाणी ठेवताना, तेव्हा पण बघत होता. तू थांबलीस की त्याचं बघणं थांबलं."

कविता शिकवणाऱ्या बायकांचं असंच असतं. पाण्यातही त्यांना अर्थ दिसतो.

खलील आजकाल संध्याकाळी गच्चीवर जातो. टाकी बघायला, म्हणतो. टाकी पळून जाणार आहे का? माझा अंदाज आहे की त्याने सिगारेट पुन्हा सुरू केली. वास मात्र येत नाही. कच्चा आंबा खात असेल वरून.

१६ मे, शुक्रवार

जुम्मा. लूम थांबले की कामतघर एकदम बहिरं वाटतं. डोकं जड होतं म्हणून दुपारी झोपले. झोपेत कोणीतरी ठोकाठोकी करत होतं, धप धप, लोखंडावर. शेजाऱ्यांचा बेकायदा मजला वाढत असणार. नगरपालिका झोपली की लोक जागे होतात.

कपडे वाळत घालायची माझी तार कोणीतरी नेलीय. आधी दगड, आता तार.

२० मे, मंगळवार

काल लिहिता आलं नाही. अल्हम्दुलिल्लाह, कोणाला काही झालं नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल.

काल सकाळपासून हवा अशी होती की श्वास चावून घ्यावा लागत होता. दुपारी गच्चीवर गेले. पूर्वेला मुठी वर येत होत्या, एक नव्हे, पाच-सहा, आणि मग त्या सगळ्यांचा मिळून एक झाला. या वेळी मी खालचा काळेपणा बघितला नाही. माथा बघितला. माथा पांढरा, लखलखीत, आणि सपाट. आडवा पसरत आमच्या डोक्यावर येत होता, जणू कोणीतरी आकाशाला झाकण घालत होतं. त्या झाकणाखाली उजेड पिवळा झाला, जुन्या काचेतून आल्यासारखा. ढगाच्या पोटात वीज चमकली. आवाज? लूमचा.

मी जिन्याच्या दारात उभी राहिले. गच्चीवर थांबायचं नाही एवढं माझं मला कळत होतं. आणि पाय काही खाली जाईनात. परत जाऊ? परत "कैंसल"? मी त्या दारात उभी राहून चक्क माझ्या इज्जतीचा विचार केला. खाली पत्र्याच्या छपराखाली माणसं होती, आणि माझा नवरा होता, आणि मी इज्जतीचा विचार केला.

तेवढ्यात वारा थांबला. पूर्ण. मग पूर्वेकडून एक झुळूक आली, गार, ओल्या मातीच्या वासाची. हुश्श वाटावं अशी.

त्यानंतर मी जिना कसा उतरले ते आठवत नाही.

खलीलला फोन लावला. वाजत राहिला, लूममध्ये फोन कोणाला ऐकू येतो? मेनच्या पेटीला कुलूप. आत जाऊन ओरडले असते तर पुन्हा सलाम मिळाला असता. मग मी वळले आणि रघूच्या टपरीत घुसले.

"रघू, दिवा लाव."

"टीचर, दूध अभी आया नहीं."

"दूध गेलं खड्ड्यात. बटण दाब."

रघूने बटणापुढे हात आडवा धरला. "बिना चाय के बत्ती नहीं लगाऊंगा. पूरी गली में एक मेरी बत्ती का भरोसा है. एक बार झूठी लगी तो कल कोई उठेगा नहीं."

हे तो मला सांगत होता. मला! खोटा इशारा दिल्यावर काय होतं ते मला सांगत होता.

"खरं आहे तुझं," मी म्हटलं, आणि त्याच्या हाताखालून हात घालून बटण दाबलं. हार तुटला.

पहिली तुकडी आली, हात पुसत, आळोखेपिळोखे देत. "चाय?"

"नाही."

"तो बत्ती?"

"मी लावली. बसा."

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. कोणीतरी गालात हसलं. दोघं परत फिरले. मी दारात दोन्ही हात पसरून उभी राहिले आणि शाळेत जो आवाज ठेवून देते तो काढला. "बसा म्हटलं ना!" बसले. माझ्या वर्गात आजवर यापेक्षा मोठी माणसं बसली नव्हती.

आता दुसरी तुकडी. पुन्हा बटण दाबलं. कोणी येईना. पुन्हा दाबलं. येणार कसे? पहिली तुकडी परत गेल्याशिवाय दुसरी लूम सोडत नाही. नियम! त्यांच्याच नाही, यांच्याही लूमवर तेच उभे होते, दुप्पट लूम सांभाळत, प्रामाणिकपणे, त्या छपराखाली. मी वेड्यासारखी बटण दाबत राहिले. रस्त्यावरची धूळ उठून उभी राहिली.

आणि लूम थांबले.

एक नाही, सगळे. एकाच झटक्यात. आणि त्या शांततेत आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. ढगातून ढगात लोळत जाणारा, लांबलचक, छातीत उतरणारा. तो केव्हापासून चालू होता कोणास ठाऊक. हसणाऱ्याचं हसू गेलं. रघू म्हणाला, "या अल्लाह," आणि मग आपला धर्म आठवून, "हे राम."

दुसरी तुकडी धावत आली. शेवटी खलील, इमादला मानगुटीला धरून ढकलत. इमाद चार्जिंगला लावलेला मोबाईल घ्यायला परत फिरला होता. खलीलच्या हातात पेटीचं कुलूप होतं आणि गळ्यातला दोरा तुटलेला. ते दोघं स्लॅबखाली आले आणि वारा आला.

छपराची पश्चिमेकडची बाजू आधी फडफडली, मग तव्यावरचा पापड उचलावा तशी उचलली गेली. एक पत्रा हवेत उलटा होऊन विजेच्या खांबावर आदळला, निळी ठिणगी उडाली, तार तुटून गल्लीत पडली. बाकीचे पत्रे आत कोसळले, नेमके तिथे, जिथे दुसरी तुकडी उभी होती. मग गारा. रघूच्या किटलीवर गारा वाजत होत्या.

गल्लीत पाणी भरायला लागलं. कोणीतरी कापड वाचवायला पाऊल बाहेर टाकलं तर खलील त्याला मागे ओढून ओरडला, "पाण्यात कोणी उतरायचं नाय! तार पडलीय. भिजू दे कापड." मग त्याने वीज कंपनीला फोन लावला. नंतर माझ्याकडे वळून, इतर कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "गार वारा आला तेव्हा मी दिव्याकडेच बघत होतो. तू म्हणालीस ना, तोच खरा चोर."

मी मान हलवली. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

गारा थांबल्या. रघू उठला, स्टोव्ह पेटवला, आणि दुधाशिवाय काळा चहा ठेवला. सगळ्यांना दिला, पहिल्या तुकडीला आधी, मग ग्लास विसळून दुसऱ्या तुकडीला. मला ग्लास देताना म्हणाला, "टीचर, लिख के रखो. बत्ती झूठी नहीं थी. चाय आई."

लिहिलं.

२२ मे, गुरुवार

कलावती म्हणाली, "बघ, तुझा ढग तुला भेटला." मग फोनवर रडली. मग म्हणाली आंबे पाठवते.

अर्धं छप्पर गेलं, अर्धं राहिलं. आज गच्चीवरून नीट बघितलं. पूर्वेकडच्या अर्ध्या भागाला नवे हूक आहेत, चकचकीत, आणि पत्र्यांवरून आडव्या ताणलेल्या तारा. त्यातली एक माझी कपडे वाळत घालायची.

खाली जाऊन इमादला पकडलं.

"सेठने जुम्मे को लगवाया," तो म्हणाला. "आधा हुआ, बाकी अगले जुम्मे को था. पत्थर भी उन्होंने ही उतरवाए. बोले, टीचर को मत बताना."

"का?"

"बोले, वो जीत जाएगी."

म्हणजे भंगारवाला नव्हता. शेजाऱ्यांचा मजला नव्हता. टाकी बघायला जाणाराही टाकी बघत नव्हता. पण मी त्याला दगडांचं कधी सांगितलं? ते तर मी मोरीला सांगितलं. आणि गार वाऱ्याचं? ते कढईला.

रात्रीच्या जेवणाआधी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. आवाज न काढता नुसते ओठ हलवले: तुम्हाला कळतं?

खलीलने पेपर खाली ठेवला. "तीस वर्षं लूमवर आहे," म्हणाला. "आवाजाचं मला काय काम?"

आता मी बसून गेल्या पंचवीस वर्षांत मोरीला, कढईला, उशीला आणि आरशाला काय काय सांगितलं ते आठवतेय. त्याच्या आईचं लोणचं. त्याच्या बहिणीचं नाक. त्याच्या त्या हिरव्या सफारीबद्दल मी जे म्हटलं होतं ते. ती सफारी त्याने पुन्हा कधी घातली नव्हती, आणि मी समजत होते की कसरीने खाल्ली. सोमवारचं वादळ परवडलं.

२६ मे, सोमवार

छप्पर पूर्ण झालं. सगळीकडे हूक, सगळीकडे तारा. लूम चालू. ईदच्या आधी माल जाईल की नाही माहीत नाही. खलील म्हणतो, माणसं गावाला जातील ना ईदला, बस.

पेटीचं कुलूप पुन्हा लागलं नाही. रघूने कारखान्यात दुसरा दिवा बसवून घेतला, पिवळा. त्याचं बटण आमच्या जिन्यात, वरच्या पायरीशी. "लाल मेरा," त्याने सगळ्यांना बजावलं, "पीला टीचर का. मेरे वाले को हाथ नहीं लगाने का." नवीन बटणाला त्यानेच हार घातला. पिवळा लागला की दोन्ही तुकड्या एकदम निघतात, हाही नियम झाला. "कैंसल"वाला पोरगा आता रोज सकाळी मला बघून भुवई उडवतो. मी मूठ दाखवते, म्हणजे फुलकोबी, चालू दे. हात आडवा सपाट धरला तर पळा, हे त्याला समजावून दिलंय.

आज दुपारी मूठ होती.

रात्री भात वाढताना मी मुद्दाम तपेल्याकडे वळले. पूर्ण नाही, अर्धी, त्याला तोंड दिसेल इतपत. आणि तोंडावर जे आयुष्यात म्हणणार नाही ते तपेल्याला म्हटलं. सविस्तर. त्याच्या नावासकट, एकेरीत.

वळून बघितलं तर खलीलचे कान लाल झाले होते, ते निकामी कान. त्याने घास घेतला, सावकाश चावला, आणि म्हणाला,

"हं? जरा मोठ्यानं बोल. ऐकू येत नाय."